आरओ प्लांट कोणता घ्यायचा, हे ठरवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. पारोळा तालुक्यातलं २,४०० वस्तीचं, ४८० घरांचं गाव. बोरीकाठच्या विहिरीवर जलजीवन मिशनची नळयोजना झाली, घरोघर नळ आले, पण पाणी चौथ्या दिवशी येतं. गेल्या दोन्ही पावसाळ्यांत हगवण-उलट्यांची लागण झाली. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतले सहा लाख आहेत, आरओवाल्यांची, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणारी यंत्रं विकणाऱ्यांची, तीन कोटेशनं आली आहेत, आणि नव्या सदस्य म्हणून तुम्हाला मासिक सभेत मत द्यायचंय. तर तिघांतला कोणता चांगला?

माझं मत विचाराल तर आत्ता तिघांपैकी कोणताच नको. पुढेही कदाचित लागणार नाही. मी धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावांच्या पाणीयोजना आखण्याचं आणि रखडलेल्या मार्गी लावण्याचं काम करत आलोय. हगवणीची लागण झाली की गावातून पहिली मागणी आरओची येते, आणि बहुतेक वेळा बिघाड असतो तो आरओ जिथे पोचतच नाही अशा जागी. विहिरीतलं पाणी बऱ्यापैकी असतं. टाकीतून निघून हंड्यात पडेपर्यंत ते नासतं. म्हणून तुमच्या सभेत आधी चर्चा व्हायला हवी ती पाणी नेमकं कुठे बिघडतंय याची.

पाण्यात खराबी दोन जातींची असते. एक विरघळलेली: क्षार, नायट्रेट, फ्लोराइड. दुसरी जंतूंची, म्हणजे सरळ सांगायचं तर माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेचा अंश पाण्यात येणं. हगवण, कॉलरा, कावीळ, विषमज्वर हे सगळे दुसऱ्या जातीचे. आरओ हे मुख्यतः पहिल्या जातीवरचं औषध. त्याच्या पडद्यातून जंतूही गाळले जातात हे खरं, पण बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो. ते पाणी स्टीलच्या टाकीत साठतं, तिथून कॅनमध्ये, कॅनमधून घरच्या माठात, आणि माठात तांब्याबरोबर पाच बोटं बुडतात. तिथे पुन्हा शिरलेला जंतू मारायला त्या पाण्यात काही नसतं. शिवाय कॅन घ्यायला ज्याला रोज पाच रुपये जमतात तोच घेणार. ज्या घरातली पोरं सगळ्यात आधी आजारी पडतात तिथे नळाचंच पाणी प्यायलं जाणार. आणि लहान आरओत आत घेतलेल्या पाण्यातलं निम्मं, कधी त्याहूनही जास्त, गटारात जातं. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या भागात हे मला तरी पटत नाही.

जाता जाता एक सावधगिरी. विक्रेता सभेत येईल, दोन ग्लासांत दोन कांड्यांचं यंत्र बुडवेल, तुमच्या नळाच्या पाण्याला तांबडा-काळा गाळ येईल, त्याच्या पाण्याला येणार नाही, आणि सगळी सभा 'अरे बापरे' म्हणेल. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यानं काही घडत नाही. त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवायला सांगा. टीडीएस मीटरचंही तसंच. तो विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू मोजत नाही. गटाराचा शिरकाव झालेलं पाणीसुद्धा त्यावर झकास आकडा दाखवू शकतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्या पाण्याचा अहवाल माझ्यासमोर नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) असं सांगतं की नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. एकूण क्षार ५०० पर्यंत चांगले, नाइलाजाने २,००० पर्यंत. जडपणा २०० पर्यंत चांगला, नाइलाजाने ६०० पर्यंत. खान्देशात जड पाणी सगळीकडेच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो. ते त्रासदायक आहे, पण त्यानं हगवण लागत नाही. तुमच्या विहिरीचं नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर माझा सल्ला थोडा बदलेल, तो पुढे लिहितो. अहवालासाठी फार धावपळ नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा याच कामासाठी आहेत, आणि जलसुरक्षकाने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या माणसाने, नमुने तिथे पाठवायचेच असतात. ग्रामपंचायतीत विचारा, मागचे अहवाल फायलीत सापडतील. स्वच्छता सर्वेक्षणात तुमच्या गावाला कोणतं कार्ड मिळालं तेही बघा: लाल, पिवळं की हिरवं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ते सर्वेक्षण होतं. कार्ड लाल किंवा पिवळं असेल तर कारण त्याच कागदावर लिहिलेलं असतं आणि बहुधा कोणी वाचलेलं नसतं.

जंतूंसाठी नमुना एकाच जागचा घेऊन उपयोग नाही. चार जागा धरा: विहीर, टाकीचा आउटलेट, गावातला मधला नळ, आणि शेवटच्या गल्लीतला शेवटचा नळ. पाचवा नमुना एखाद्या घरच्या माठातला. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक केलेली हवी. तिच्या तळाशी थोडी पावडर असते, ती धुऊन टाकायची नाही, पाण्यातला क्लोरीन तिथेच थांबवण्यासाठी ती असते. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. विहिरीचा नमुना ठीक आणि शेवटच्या नळाचा खराब आला, तर सहा लाखांचं उत्तर तुमच्या हातात आलं. गावपातळीवर एचटूएसच्या, म्हणजे जंतू असले की काळ्या पडणाऱ्या, तपासणीच्या बाटल्याही वापरता येतात. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, दीड-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेची भेसळ आहे असं समजायचं. सभेत कागदी अहवालापेक्षा ती काळी बाटली लवकर समजते. नळाचं पाणी भरायच्या बाटल्यांत पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध आधीपासून आहे ना, तेवढं बघून घ्या.

आता वाटेवर पाणी कसं नासतं ते बघू. चौथ्या दिवशी पाणी येतं म्हणजे मधले तीन दिवस पाइप रिकामे. पाणी बंद झालं की उताराच्या बाजूने पाइप रिता होत जातो आणि चढाकडच्या भागात ओढ तयार होते. जिथे सांधा सैल, जिथे तडा, तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. बाहेर काय असतं? व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी. गटारातून गेलेली नळजोडणी. आणि सगळ्यात वाईट, नळाजवळचा खड्डा. आपल्याकडे गल्लीगल्लीत दिसतो तो. दाब कमी, म्हणून नळ जमिनीच्या खाली हात-दोन हात उतरवायचा आणि खड्ड्यात उतरून कळशी भरायची. त्या खड्ड्यात सांडपाणी येतं, पावसाचं पाणी येतं, शेजारची शेळी येते. पाणी गेलं की नळाचं उघडं तोंड त्या डबक्यात बुडालेलं राहतं आणि डबक्यातलं पाणी पाइपात परत जातं. पुढच्या वेळी 'नळले पानी उनं' (नळाला पाणी आलं) अशी हाळी झाली की पहिल्या धारेबरोबर तेच पाणी खालच्या गल्लीत पोचतं. पावसाळ्यात लागण का होते, आणि नेहमी त्याच दोन-तीन गल्ल्यांत का, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. वरून कोणी नळाला थेट मोटर लावली की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांध्यांतून गटार ओढून घ्यायची सोयच झाली.

खड्डे बुजवायचा ठराव करून खड्डे बुजत नाहीत. लोक हौसेनं खड्ड्यात उतरत नाहीत. आधी शेवटच्या गल्लीत दाब आला पाहिजे, मग खड्डे आपोआप नकोसे होतात. उलट क्रमाने गेलात तर नुसतं भांडण. दाब येण्यासाठी दोन कामं. एक, प्रत्येक नळाला तोटी. उघड्या नळांतून खालच्या भागात पाणी वाहून जातं आणि वरच्या भागाला काही उरत नाही. दोन, गावाचे उंचीप्रमाणे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळी वेळ. जुन्या गल्ल्यांप्रमाणे किंवा वॉर्डाप्रमाणे नव्हे, उंचीप्रमाणे. वॉर्डाप्रमाणे भाग पाडले की उंच घरं प्रत्येक भागात कोरडी राहतात. हे काम पाणी सोडणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एक चक्कर मारली की समजतं. कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडला गेलाय हे नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. टाकीवर जाणारं पाणी तेवढंच असताना चौथ्या दिवशी दोन तास देण्याऐवजी रोज अर्धा तास देता येतं का, तेही याच चक्करीत तपासा. रोज दिल्याने पाइप भरण्या-रिकामे होण्याच्या खेपा वाढतात, हा आक्षेप खरा आहे. पण पाइपात क्लोरीनचं पाणी रोज फिरतं, आणि घरात चार दिवसांचं पाणी ड्रममध्ये साठवावं लागत नाही. त्या ड्रममध्येच डेंग्यूचा डास वाढतो. मी रोजच्या बाजूने आहे. विहिरीला पाणीच कमी असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. प्रत्येक ग्रामपंचायतीत टीसीएलची पोती असतात आणि बऱ्याच ठिकाणी ती नुसती असतातच. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, किंवा आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलं, की तो झपाट्याने उडतो आणि उरतो नुसता चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. टक्केवारी प्रयोगशाळेत तपासून मिळते. म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नका, महिन्या-दोन महिन्यांचा घ्या, झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये सावलीत ठेवा, आणि मोटरच्या पॅनलच्या खोलीत तर ठेवूच नका, सगळे संपर्कबिंदू गंजतात.

प्रमाण साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम धरा. २५-३० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला सव्वा ते दीड मिलिग्रॅम क्लोरीन झाला. पाणी गढूळ असेल तर हे पुरत नाही, माती आणि शेवाळ आधी क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून पहिल्या पुराच्या आठवड्यात मात्रा वाढवावी लागते, आणि वाढवली किती ते शेवटच्या नळावर तपासून ठरवायचं. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत लगदा करायचा, पाणी वाढवायचं, अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं स्वच्छ पाणी टाकी भरत असताना आत सोडायचं, म्हणजे ढवळलं जातं. खालचा चुना फेकून द्यायचा. मग अर्धा तास थांबून मगच पाणी गावात सोडायचं. हा अर्धा तास सगळ्यात जास्त चुकवला जातो, कारण वीज आली की मोटर सुरू, टाकी भरते न भरते तोच व्हॉल्व्ह उघडा.

तपासणी शेवटच्या नळावर. ओटीचे, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, आणि लगेच बघायचा. पावसाळ्यातल्या तुमच्या गावासाठी मी टाकीजवळ १ च्या आसपास आणि शेवटच्या घरी किमान ०.२ मिलिग्रॅम हे लक्ष्य ठेवीन, ०.२ ही मानकातली किमान पातळी आहे. टाकीजवळ पिवळा आणि शेवटी पांढरा, याचा अर्थ मधे कुठेतरी घाण आत येतेय, आणि क्लोरीन तिच्याशी लढताना संपतोय. कुठे संपतो ते गल्ली-गल्ली तपासत गेलं की फुटका सांधा एका सकाळीत सापडतो. ओटीची बाटली हे गळती शोधायचंही साधन आहे, ते कोणी वापरत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार येईल. येऊ द्या. तक्रार थांबवायला मात्रा बंद करणारे सरपंच मी बरेच पाहिलेत.

आता संडासांकडे वळतो. तुम्ही म्हणाल पाण्याच्या प्रश्नात हे कुठून आलं. स्वच्छ भारत मिशनमध्ये २०१४ नंतर शौचालयामागे १२,००० रुपये मिळाले, घरोघर संडास झाले, चांगलंच झालं. पण खड्डा लवकर भरेल या धास्तीने लोकांनी एकच खड्डा, दहा-पंधरा फूट खोल खणला. यावल-रावेर-चोपड्याकडे तापीकाठचा गाळ शेकडो फूट जाडीचा आहे आणि पाणी खूप खाली गेलंय. तिथे हे काही प्रमाणात खपून जातं. तुमचा भाग तसा नाही. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा काळा पाषाण. मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं, जंतू अडकतात, मरतात. भेगेतून गेलं की गाळणं नाहीच, सरळ विहिरीत. स्रोतापासून दहा मीटर अंतराचा जो नियम सांगतात तो मातीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. पाषाणाच्या भेगांना तो माहीत नसतो. मी विहिरीपासून तीस मीटर धरतो, आणि तरीही चढाच्या बाजूला नको म्हणतो. चढ कुठला हेही नुसत्या जमिनीच्या उतारावरून दरवेळी कळत नाही. धुळे-नंदुरबारकडे तर काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती, भूगर्भवाले ज्यांना डाइक म्हणतात त्या, जमिनीखालचं पाणी अडवतात किंवा भलतीकडे वळवतात.

उपाय जुनाच आहे: दोन उथळ शोषखड्डे. मीटरभर व्यास, मीटर-सव्वा मीटर खोली, जाळीचं वीटकाम, मधे जोडचेंबर. एका वेळी एकच खड्डा चालू. माणशी वर्षाला ४०-४५ लिटर गाळ धरला तर पाच जणांच्या घराला एक खड्डा तीन-साडेतीन वर्षं पुरतो. भरला की चेंबरमध्ये वीट फिरवून दुसऱ्यात सोडायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत मिळतं, उपसायला किळस येत नाही. काळ्या मातीत पाणी जिरत नाही ही अडचण खरी आहे. तिथे खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यायचा. ज्यांचा एकच खोल खड्डा आहे त्यांनी तो पाडायची गरज नाही. शेजारी दुसरा उथळ खणून चेंबर बसवावं आणि खोल खड्डा हळूहळू बंद करावा. सेप्टिक टँकवाल्यांची गोष्ट वेगळी: टाकीच्या बाहेर येणारं पाणी काळं नसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं, ते उघड्या गटारात सोडायचं नाही, शोषखड्ड्यात न्यायचं. आणि टाकी उपसायला माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतला वायू मिनिटभरात जीव घेतो. उपसायची तर व्हॅक्यूम टँकरनेच.

विहिरीच्या आसपासच्या घरांचे खड्डे, उकिरडे आणि गोठे यांची एक यादी करा. जंतूंबरोबर नायट्रेटही तिथूनच येतं; बाकीचं शेतातल्या युरियातून. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. टीसीएलने जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला ते सगळ्यात धोक्याचं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. तुमचा आकडा ४५ च्या वर आला तर आधी बघा की दुसऱ्या स्रोताचं पाणी त्यात मिसळता येतं का. विहिरीत ६० आणि धरणाच्या पाण्यात २० असेल, तर निम्मं-निम्मं मिसळून ४० येतं, एक पैसा पडद्यावर न घालवता. मिसळायला काहीच नसेल तर मग आरओ, तोही फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, लहान, आणि वर क्लोरीनचा डोस देणारा. पडदे, फिल्टर आणि चालवणारा माणूस यांचा पाच वर्षांचा खर्च कोटेशनमध्ये लिहून मागा. लिहून द्यायला नाही म्हणाला तर तोही निकालच समजा.

पैशाचं गणित सभेत मांडायला सोपं जावं म्हणून अंदाजे करून देतो; आकडे तुमचे घाला. माणशी ५५ लिटर म्हणजे २,४०० वस्तीला रोज १,३२,००० लिटर. एकूण उचल ६० मीटर आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर हजार लिटरला एक तृतीयांश युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १,३०० युनिट. युनिट आठ रुपयांनी धरलं तर १०,४००. पाणी सोडणाऱ्या माणसाचे १०,०००. दुरुस्तीला बाजूला काढायचे ८,०००. टीसीएल वीस किलो, हजार रुपयांच्या आसपास. बेरीज २९,४००, ४८० घरांत वाटली तर घरामागे महिना साठ-बासष्ट रुपये. रोजच्या पाच रुपयांच्या कॅनला दीडशे लागतात. जे घर पाणीपट्टीला कुरकुरतं तेच कॅनचे पैसे रोख देतं, कारण कॅनवाला रोज येतो आणि पाणीपट्टीचं बिल मार्चमध्ये. मासिक वसुली करा, जमलं तर पाणी सोडणाऱ्यालाच त्यातला ठरावीक भाग द्या. आणि बेरजेत टीसीएल कुठे आहे ते पुन्हा बघा. सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी तीच बंद होते.

हे काही बाहेरून आणलेलं शहाणपण नाही. धुळ्याकडे पांझरा नदीवर शेतीच्या पाण्याच्या फड पद्धतीत बंधारा, पाट आणि पाळ्या गावच सांभाळायचं. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली असत. शेतीच्या पाण्याला जे शतकानुशतकं जमलं ते पिण्याच्या पाण्याला योजनेच्या ठेकेदारावर सोडून दिलं जातं, हे मला फार खटकतं.

आणखी एकांनी नंदुरबारच्या डोंगराळ अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांचं काय असं विचारलंय. तिथे घरं विखुरलेली, वीज बेभरवशाची. बारमाही झरा असेल तर त्याचं तोंड बंदिस्त करून उताराने पाइप आणणं सगळ्यात स्वस्त, नाहीतर सौर पंपाची लघु योजना. झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं आणि हागणदारी नको, बाकी क्लोरीनचे नियम तेच. यावर वेगळं लिहावं लागेल.

तुमच्या सहा लाखांकडे परत येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायची, होती, निम्मी पाण्याला, निम्मी स्वच्छतेला. तुमचे पैसे कोणत्या खात्यातले ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लिहून घ्या. मी असतो तर पहिल्या महिन्यात अहवाल, ओटी-फेरी आणि टाकीची धुलाई करून घेतली असती, त्याला फारसे पैसे लागत नाहीत. मग तोट्या, उंचीप्रमाणे व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हचे खड्डे पक्के आणि झाकणाचे, गटारातून गेलेल्या जोडण्या वर उचलून सलग एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) पाइपात, आणि पंपाबरोबर आपोआप चालू-बंद होणारा क्लोरीनचा डोसिंग पंप. स्वच्छतेच्या भागातून विहिरीजवळच्या घरांना दुसरा शोषखड्डा. सगळं एका वर्षात होणार नाही. पावसाळ्याआधी गटारातल्या जोडण्या आणि डोसिंग एवढं झालं तरी लागण कमी झालेली दिसेल अशी माझी अपेक्षा आहे.

तोवर तुमच्या स्वतःच्या घरी काय करायचं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. नळ आला की पहिल्या पाच मिनिटांचं पाणी धुण्या-भांड्याला, प्यायचं नंतर भरायचं. चौपदरी फडक्याने गाळा, मग क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास झाकून ठेवा, किंवा खळखळून उकळा. माठात तांब्या बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं पिंप घ्या. लहान मुलाची शी धुतल्यावर साबणाने हात, याला पर्याय नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला अंगावरचं दूधच, वरचं पाणी नको. आणि हगवण लागलीच तर आशाताईंकडून ओआरएस आणि झिंक आणा. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या हगवण थांबली तरी १४ दिवस पूर्ण द्यायच्या, आणि ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच घोळायचं, ग्लासाला चिमूटभर असं नाही. घोळलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेकून नवं करा.